बावीस पूर्ण

त्या गृहस्थांनी तीस माणसं डोंगरावर नेली, सात तासांनी खाली आणली, आणि मधल्या वेळात एकदाही मोजली नाहीत. मी त्या तिसांतला एक होतो. तीस हा आकडाही माझाच. त्यांना विचारला असता तर सांगता आला नसता. घरी आल्यावर बायकोला मी पहिल्यांदा हेच सांगितलं. डोंगर कसा होता, वाट कशी होती, हे नंतर.

"अगं, मोजली नाहीत. एकदाही नाही."

"पण आले ना सगळे परत?"

"आले. पण ते त्यांना कळलं कसं?"

ती हसली. मला हसू येत नव्हतं. मी खरोखर हादरलो होतो. रसायनीला एका केमिकल कंपनीत मी सत्तावीस वर्षं नोकरी करतो. तिथे दर तीन महिन्यांनी भोंगा वाजतो आणि हातातलं काम टाकून सगळ्यांना मैदानावर जमावं लागतं. आग लागली, वायू सुटला, तर काय करायचं त्याची ती रंगीत तालीम. आमच्या विभागाची डोकी मोजायचं काम माझ्याकडे आहे. एक्केचाळीस हेल्मेटं रांगेत उभी केली की चाळीस सेकंदांत मी आकडा देतो. एक जरी कमी भरलं तर शोधायला माणूस आत पाठवावा लागतो, म्हणजे एकाच्या जागी दोघांचा जीव टांगणीला. तेव्हा माणसं न मोजता रानात नेणारा मनुष्य मला वेडा वाटला नाही, धोकादायक वाटला. आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो ते त्यांना तसं सांगायला.

कर्जतजवळ, कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, सासुरवाडीकडून आलेल्या जमिनीवर ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, राहत. वय पासष्टच्या पुढे, अंगाने शिडशिडीत, कानावर केस. आयुष्य नाशिककडे द्राक्षमळ्यात गेलं होतं. मळा एका वाइन करणाऱ्या कारखान्याचा. शेवटची दहा-बारा वर्षं त्यांच्याकडे पाहुणे फिरवायचं काम होतं. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येत, वेलींच्या ओळींमधून चालत, टेकडीवर चढून धरण बघत आणि खाली येऊन वाइनचे घोट घेत. निवृत्त झाल्यावर इकडे आले तेव्हा हे गृहस्थ तेच सगळं कर्जतला करू लागले. फरक एवढाच की इथे मळा नव्हता आणि वाइनही नव्हती. डोंगर मात्र मोठा होता, माथेरानचीच एक सोंड खाली उतरलेली.

मळा नव्हता म्हणजे त्यांनी तो लावला. कर्जतला द्राक्षं होत नाहीत हे शेतकरी सोडा, स्टेशनबाहेरचा फळवालाही सांगेल. चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, पानांवर भुरी येते, करपा येतो. तरी त्यांनी घरामागे वेलींच्या चार ओळी लावल्या, वर प्लास्टिक अंथरलं आणि नाशिकच्या शिस्तीत ऑक्टोबरची छाटणी वगैरे करू लागले. फेब्रुवारीत घड यायचे. मण्यांना आंबटपणा असा की कानशिलं दुखावीत. ते रोज सकाळी एक मणी तोंडात टाकत, डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "कालच्यापेक्षा बरंय." हे मी सलग चार वर्षं, दर फेब्रुवारीत ऐकलं.

चालून आलेल्या पाहुण्यांना ते वाइनच्या ग्लासात कोकमचं सरबत देत. खरे ग्लास, उंच दांड्याचे, नाशिकहून दोन खोक्यांत पेंढा भरून आणलेले. नुसतं पिऊ देत नसत. ग्लास उजेडाकडे धरा, रंग बघा, हलवा, आता नाक घाला.

"काय वास येतो?"

"कोकमचा," कोणीतरी भीत भीत म्हणे.

"शाब्बास. भल्याभल्यांना येत नाही."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी स्वतःचा ग्लास विसरलो. घाम पुसत उभी असलेली तीस माणसं, पायांना माती, आणि सगळी गंभीर चेहऱ्याने सरबत हुंगतायत.

आकड्यांशी त्यांचं वैर होतं की आकडे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हातात घड्याळ नाही. वाट किती लांब आहे विचारलं तर म्हणायचे, "दोन बाटल्या." म्हणजे दोन बाटल्या पाणी संपतं इतकी. मी ती वाट फोनवर मोजली. जाऊन येऊन सात किलोमीटर तीनशे मीटर, चढ चारशे साठ मीटर. पत्र्याच्या पाटीवर रंगाने नीट लिहून ती पाटी त्यांना भेट दिली. पुढच्या रविवारी पाहतो तर त्याच पाटीवर सरबताचे ग्लास मांडून काकू बाहेर येत होत्या. "छान झाली हो," त्या म्हणाल्या. "सांडत नाही."

माणसांची नावंही त्यांच्या लक्षात राहत नसत. ते गावाने हाक मारत. मी 'रसायनी'. डोंबिवलीचे दोघे आले तर एक पूर्व, एक पश्चिम. निघण्याआधी मात्र प्रत्येकाला पाय मागे उचलायला लावून बुटाचा तळवा बघत, घोड्याचा नाल बघतात तसा. तळवा गुळगुळीत असेल तर तो माणूस अंगणात बसून राही, मग तो कितीही मोठा असो. एकदा एका पाहुण्यांनी आपण कोणत्या हुद्द्यावर आहोत ते सांगितलं. "असाल," हे म्हणाले, "पण पाय घसरला की हुद्दा आधी घसरतो." ते पाहुणे पाच तास वेलींखाली खुर्ची टाकून बसले आणि जाताना चक्क आभार मानून गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. मोजत नसत, तर काय करत? जोड्या लावत. प्रत्येकाला एक जोडीदार, तोही आपल्या घरचा किंवा आपल्याबरोबर आलेला नको, परका हवा. बाईला बाई, पुरुषाला पुरुष. निघण्याआधी जोडीदाराचं नाव विचारून घ्यायचं. मग वाटेत प्रत्येक थांब्यावर हे ओरडत, "जोडी?" आणि प्रत्येकाने आपलं नाही, जोडीदाराचं नाव सांगायचं. तीस माणसं म्हणजे तीस नावं. कोण लाजतंय, कोण विसरतंय, कोण हसतंय. यात पाच-सात मिनिटं जात. चार थांबे धरले तर जवळजवळ अर्धा तास. मी त्यांना हिशेब करून दाखवला.

"मी मोजलं तर वीस सेकंद लागतात, काका."

"लागत असतील."

"मग?"

"अहो रसायनी, क्रेट मोजतात."

हे उत्तर झालं का? मी पुन्हा विचारलं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, द्राक्षं तोडताना एका ओळीला दोघी असतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने, तशी सवय. महिन्याने विचारलं तर म्हणाले, माणसं मोजली की दृष्ट लागते. एकदा म्हणाले, त्यामुळे मुंबईकरांच्या ओळखी होतात. एकदा म्हणाले, मला विसापुढे येत नाही. दर वेळी नवं कारण, आणि एकही खरं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं. माझा राग त्याचाच होता. न पटणारं कारण मी ऐकून घेईन, पण कारणच न सांगणं म्हणजे काय?

आणखी एक कोडं होतं. काकू कधी डोंगरावर येत, कधी येत नसत. निघायच्या वेळी त्या ओसरीवर उभ्या राहून जमलेल्या माणसांवरून नजर फिरवत. मग कधी कॅनव्हासचे बूट घालून, नऊवारीचा काष्टा घट्ट करून आमच्यात येत, नाहीतर वळून आत स्वयंपाकाला जात. तब्येत, हवा, कामं, कशाशीच याचा मेळ बसत नव्हता. मी एक-दोनदा टिपून ठेवायचा प्रयत्न केला होता.

एवढं असूनही मी जात राहिलो. दुसऱ्या वर्षापासून रांगेच्या शेवटी चालायचं काम माझ्याकडे आलं. पुढे हिरामण असे, वरच्या ठाकूरवाडीतला, चाळिशीचा, त्या डोंगराचा दगड न् दगड माहीत असलेला. मध्ये हे गृहस्थ, मागे मी. जोडी-जोडी चालू असताना मी मागून गुपचूप मोजून घेई. हिरामणच्या ते लक्षात आलं होतं.

"सायेब, किती भरली?"

"सव्वीस."

"सकाळी किती व्हती?"

"सव्वीस."

"मंग बरं हाय. आमच्या शेळ्या बी मोजा एकदा. आमी नुसतं बघतो."

चौथ्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्या गृहस्थांनी कर्जतला जाऊन दाढ काढून घेतली. रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलता येत नाही. हातात पाटी न् खडू. चालणं शक्य नव्हतं, ऊन सोसलं नसतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, डोंगराकडे केलं आणि पाटीवर लिहिलं, 'जोड्या लावा.'

मी मान हलवली.

त्या दिवशी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून माणसं येणार होती. एका गटाची गाडी चुकली, दुसऱ्याला टेंपो मिळेना. सगळे जमेपर्यंत आठ वाजायला आले. बावीस जण. तेरा पुरुष, नऊ बायका. यादी माझ्याकडे होती, प्रत्येक नावापुढे मी टिक केली. तळवे पाहिले. एवढ्यात काकू बूट घालून बाहेर आल्या.

"चला."

"काकू, तुम्ही कशाला? त्यांना पेज करून द्या गरम. पुढे हिरामण आहे, मागे मी आहे. मी मोजतो ना."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान जोराने हलवली आणि पाटीवर बोट आपटलं. जोड्या लावा.

"लावतो हो, लावतो," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

काकू जरा घुटमळल्या. मग ओसरीवर बसून त्यांनी बूट काढले.

मी जोड्या लावल्या नाहीत. उशीर झाला होता, ऊन चढत होतं, ही कारणं खरी आहेत. पण पूर्ण खरं लिहायचं तर मला एकदा दाखवून द्यायचं होतं. वीस सेकंदांत काम होतं, नीट होतं, आणि वर अर्धा तास वाचतो. संध्याकाळी पाटीवरच लिहून दाखवायचं, असं मनात होतं.

चढ छान झाला. पहिल्या थांब्याला बावीस. माथ्यावर बावीस. उतरताना निम्म्यावर एक सपाटी लागते, जांभळाचं मोठं झाड आहे, कडेने करवंदीच्या दाट जाळ्या. तिथे दहा मिनिटं बसलो. माणसं पसरली. कोणी फोटो काढत होतं, कोणी चिक्की वाटत होतं. दहा मिनिटं झाली. मी उभा राहिलो आणि बोट करत मोजलं. टोप्या, ओढण्या, टकलं. बावीस.

"बावीस, पूर्ण!" मी मोठ्याने म्हणालो. "चला!"

खालच्या ओढ्यावर पुन्हा मोजले. बावीस. अडीच वाजता अंगणात शिरलो तेव्हा फाटकाशी उभं राहून एकेकाला आत सोडलं. बावीस. नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर. ते गृहस्थ वेलींखाली खुर्चीवर बसले होते. मी त्यांना दोन्ही हातांची दोन-दोन बोटं दाखवली, म्हणजे बावीस. त्यांनी पाटी उचलून माझ्यापुढे धरली. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'जोडी?'

मी हसलो. "सगळे आले काका."

काकू माझ्या त्या पत्र्याच्या पाटीवर ग्लास घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांना देत देत शेवटच्या माणसापर्यंत गेल्या. ट्रेमध्ये ग्लास उरला नाही. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, सकाळी मी एकींना सेफ्टी पिन दिली होती. निळी ओढणी. त्या कुठायत?"

"असतील इथेच," मी म्हणालो. "बावीस आहेत, काकू. पूर्ण."

"पूर्ण असतील हो. त्या कुठायत?"

मी वळून पाहिलं. निळी ओढणी नव्हती. घरात नव्हती, मोरीकडे नव्हती, फाटकाबाहेर नव्हती. मी पुन्हा मोजलं. बावीस. मला आठवतं, त्या क्षणी माझा आकड्यावर विश्वास होता, काकूंवर नव्हता. माणूस कमी नाही, तर माणूस हरवेल कसा? मी तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा वेलींच्या कडेला उभा असलेला एक चाळिशीचा मनुष्य हातातला ग्लास खाली ठेवून पुढे आला.

"भाऊ, मी तुमच्यातला नाय."

"म्हणजे?"

"मी वरून आलो, माथेरानवरून. दोस्तांशी वाजलं, म्हटलं चालत उतरतो. रस्ता चुकला. त्या झाडाखाली तुम्ही लोक दिसले. तुम्ही गिनती करत होता, माझ्याकडे पण बोट केलं. मला वाटलं, घेतलं मला."

चार गावांची माणसं होती, एकमेकांना न ओळखणारी. प्रत्येकाला वाटलं हा दुसऱ्यांबरोबर आलाय. त्याने कोणाचं पाणी प्यायलं होतं, कोणाची चिक्की खाल्ली होती. आणि मी त्याला चारदा मोजला होता.

ते गृहस्थ उठले. तोंडातला बोळा काढून त्यांनी ओंजळीत धरला. बोळा लाल झाला होता.

"हिरामण, दोर." मग माझ्याकडे वळून, जीभ नीट वळत नसताना, "नाव काय त्यांचं?"

मी यादी काढली. यादीत नऊ बायकांची नावं होती आणि नऊंपुढे टिक होती. त्यातलं तिचं कोणतं, मला माहीत नव्हतं. मी विचारलं. बावीस माणसांत, म्हणजे एकवीस माणसांत, एकालाही माहीत नव्हतं. ती एकटीच आली होती. सकाळच्या टेंपोत कोणाशी तरी शाळेबद्दल बोलत होती, एवढंच एकीला आठवलं. शेवटी आठ बायकांना एका बाजूला उभं करून एकेकीला नाव विचारलं आणि यादीत काट मारत गेलो. राहिलं ते नाव विजया. याला सहा-सात मिनिटं लागली. ते सगळा वेळ माझ्यासमोर उभे राहून यादीवरच्या काटा बघत होते. त्यांनी रागावायला हवं होतं. मी वाट बघत होतो.

काकूंनी बूट घातले होते. आम्ही चौघे निघालो. उन्हाने दगड तापले होते. हे गृहस्थ पुढे, सुजलेला गाल घेऊन, आणि दर पन्नास पावलांवर हाक, "विजयाताई!" ज्यांना कधी कोणाचं नाव आठवलं नाही, ते तोंडातून रक्ताची थुंकी टाकत तेच एक नाव घेत होते. मी मागून काकूंबरोबर चालत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, तुम्ही सकाळी आला असता तर..."

"नऊ बायका होत्या ना आज," काकू म्हणाल्या. "नऊ असल्या की मी येते. सात असल्या तरी येते. आठ असल्या की नाही."

मी सगळ्या तारखा मनात आठवल्या. जुळत होतं. चार वर्षांत मला न सुटलेलं गणित इतकं सोपं होतं.

"पण बायकांचंच का? तेरा पुरुष होते, ते पण विषमच."

"चला आधी."

सपाटीवर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. जांभळाखाली चिक्कीचे कागद पडलेले. हिरामण करवंदीच्या जाळ्यांमागे जाऊन जमीन बघून आला. मग तिथून निघणाऱ्या दोन वाटांपैकी डावीकडच्या वाटेवर एका दगडाशी थांबला. दगडावर पांढऱ्या रंगाने बाण काढला होता. पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्यांनी काढलेला.

"बाई बाणावं गेली."

"धबधब्याकडे?"

"आता कसला धबधबा, पानी नाय. नुसता कडा हाय तिथं."

ती वाट मी कधी पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंनी वाळकं गवत, पायाखाली सुटे गोटे. हे गृहस्थ आता पळत होते. पासष्टी ओलांडलेला, आदल्या दिवशी दाढ काढलेला मनुष्य पळत होता. "विजयाताई! विजयाताई!" मी त्यांच्यामागे गोट्यांवरून धडपडत होतो. मनात एकच येत होतं, की तिला खाली पडून दोन तास झाले असतील आणि त्या दोन तासांत मी बोटांनी बावीस दाखवले.

चौथ्या की पाचव्या हाकेला खालून उत्तर आलं. बारीक. "इथे."

वाट संपते तिथे दगड गुळगुळीत होता, पाण्याने घासलेला. ती त्यावरून घसरून दहा-बारा फूट खाली एका पायरीवर अडकली होती. पायरी असेल पाटाएवढी. त्याच्या खाली काय होतं ते मी एकदा पाहिलं आणि मागे झालो. ती दगडाला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. साठीच्या आतबाहेर, एका कानाजवळ रक्त वाळलेलं.

हिरामणने दोर झाडाला बांधला आणि उतरायला पुढे झाला. त्या गृहस्थांनी त्याला हाताने थांबवलं आणि काकूंकडे पाहिलं. मला काही कळेना. साठीची बाई कड्यावरून उतरवायची आणि हिरामण असताना? पण काकूंनी दोर कमरेला गुंडाळलाही होता. हिरामण त्यांना फूट फूट सोडत गेला. खालून काकूंचा आवाज आला, "तोंडं फिरवा रं पलीकडे."

आम्ही तिघांनी तोंडं फिरवली. खाली दोघी हळू बोलत होत्या. एकीचं रडणं ऐकू आलं, दुसरीचं "असू दे, असू दे." दोराला ताण आला तेव्हा आम्ही वळलो.

खाली अंगणात यायला साडेसहा झाले. बाकीची माणसं गेली नव्हती. तो माथेरानहून उतरलेला मनुष्यही फाटकाशी उभा होता, विजयाबाईंना पाहून त्याने हात जोडले. विजयाबाईंचा गुडघा सुजला होता, पण हाड शाबूत होतं. काकूंनी त्यांना आतल्या खोलीत बाजेवर बसवलं, गुडघ्याला हळद लावली, सरबत दिलं. हे गृहस्थ दारापाशी जमिनीवर बसले होते, नवा बोळा तोंडात धरून. मी समोर उभा होतो. माफी मागायची होती. शब्द मी वाटेत जुळवले होते, पण विजयाबाई आधी बोलल्या.

"बावीस म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"ऐकलं मी. तिथेच होते, त्या जाळीमागे, आडोशाला. तुम्ही मोजत होतात ते ऐकू येत होतं. सतरा, अठरा, एकोणीस. मला वाटलं, आता थांबतील. मग तुम्ही म्हणालात, बावीस, पूर्ण. मला वाटलं, कोणीतरी सांगितलं असेल, म्हणजे मलाही धरलं असेल. येतील दोन मिनिटांत, असं वाटलं." त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. "बाहेर आले तर कोणीच नाही. घाबरून बाण दिसला तिकडे धावत सुटले."

हे ऐकताना दारापाशी बसलेले ते गृहस्थ उठले आणि बोळा बदलायच्या निमित्ताने बाहेर अंगणात गेले. मी तिथेच राहिलो. मला खरंच कळत नव्हतं. वीस पावलांचं अंतर, आवाज ऐकू येतोय, रांग निघून चाललीय.

"पण मग हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

विजयाबाईंनी खाली पाहिलं. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावरची ओढणी नीट केली. बाहेर ओट्यावर टेकलेल्या त्या आठ बायकांतल्या एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घरात हा प्रश्न विचारावा लागला, तो मला एकट्याला.